कुठले काळे?

"कुठले काळे तुम्ही?" प्रसूतिगृहाच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईंना बाबांनी विचारलं. आडनाव जुळलं की गाव, कुलदैवत विचारत विचारत जात काढायची, ही त्यांची जुनी खोड.

"आमाला गाव कुठलं, दादा? पालावर ऱ्हातो. सून आत हाय."

बाबांनी मधला थर्मास उचलून पलीकडे ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात सिस्टर बाळ घेऊन बाहेर आली. "काळे कोण? मुलगी झाली!"

बाबा धावलेच. दुपट्यातलं बाळ हातात घेऊन म्हणाले, "अरे, अगदी माझ्या आईचं नाक!" आणि रडायलाच लागले.

सिस्टरने बाळाच्या हातावरची पट्टी पाहिली. "काका, ही यांची नात. तुमची सून अजून आत आहे."

बाबांचा चेहरा उतरला. त्या बाई मात्र हसल्या. "ऱ्हाऊ द्या घडीभर. तेबी काळेच हायती."

दुपारी आम्हाला मुलगा झाला. सिस्टरने बाळ पुढे केलं, तेव्हा बाबा त्या बाईंना थर्मासमधला चहा ओतून देत होते. म्हणाले, "आधी आमच्या काळेवहिनींना घेऊ द्या. त्यांची नात मी आधी घेतली होती. फिट्टंफाट!"