नमुन्याची बाटली

सकाळी साडेसातला दत्तारामने सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या जाळीत अडकलेला कचरा काढला आणि तपासणीच्या नमुन्याची बाटली विसळली. टाकीत हवा सोडणारी मोटर महिन्यापूर्वी जळल्यापासून मैलापाणी जसेच्या तसे नदीत जात होते. “नमुना नापास झाला, तर तुझी नोकरी गेली,” साहेबांनी कालच बजावले होते. खाली नदीच्या ओहोटीत शेजारची गुणवंती तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, वेचत होती. “भावोजी, पानी चांगला हाय ना? नातीचे जुलाब थांबत न्हाईत.” त्याने बाटली पुन्हा एकदा विसळली. “रिपोर्ट दरमहा पास होतो, वयनी.” “मग तिला तिसऱ्यांचा सार पाजते,” ती निर्धास्त हसली आणि त्याच्यासाठी ओंजळभर तिसऱ्या कठड्यावर ठेवून गेली. दत्तारामने बाटली बोअरवेलच्या नळाखाली काठोकाठ भरून तिच्यावर ‘शुद्ध केलेले पाणी’ अशी चिठ्ठी डकवली. मग त्या तिसऱ्या त्याने गाळाच्या खड्ड्यात ओतल्या.