आनंदाश्रू

फोटोखालची पाटी बदलली होती खरी. आजी चष्मा सावरत पुढे झाली आणि तिचा चेहरा पडला. ओळ तीच होती, फक्त आता पितळी अक्षरांत: ‘राष्ट्रपतींना पाहून आनंदाश्रू अनावर झालेली बालिका.’

माजी राष्ट्रपतींच्या संग्रहालयातल्या त्या भिंतीएवढ्या फोटोत राष्ट्रपती वाकून एका मुलीचे डोळे पुसत होते. ती मुलगी म्हणजे आजी. मागच्या खेपेला तिने ऑफिसात जाऊन शांतपणे सांगितलं होतं, की हे खरं नाही. तिथले साहेब म्हणाले होते, बघतो. बघितलं होतं ते असं.

आज ती नातीच्या वर्गाबरोबर आली होती, मुलांवर लक्ष ठेवायला. मुलं दोरीला लागून रांगेत उभी होती. गाइड, एक तरुण मुलगी, छडी फिरवत पाठ केलेलं बोलत होती.

“बघा, या मुलीला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की...”

“आनंद नव्हता गं, बाळ,” आजी म्हणाली. उभा जन्म मुलांना शिकवण्यात गेलेला. आवाज चढवायची सवयच नव्हती. “त्यांची गाडी यायला उशीर झाला. सकाळपासून उन्हात उभं केलं होतं आम्हाला. मला लघवीला लागली होती, आणि बाई काही रांग सोडू देईनात.”

मुलं खिदळली. नात तिचा पदर ओढत कुजबुजली, “आजी, गप ना.”

“अहो आजी, असं कुठे लिहितात का?” गाइड हसली. “शोभेल का ते?”

“मग काहीच लिहू नका. त्यांनीसुद्धा विचारलं नव्हतं, का रडतेस म्हणून. रुमाल काढला, फोटो निघाला, गेले.”

“पण लोकांना आवडतो हा फोटो. एवढ्या मोठ्या माणसाशेजारी तुम्ही भिंतीवर आहात, आणखी काय हवं?”

आजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मुलांसमोर भांडायचं नाही, हा तिचा जुना नियम.

“तर मुलांनो,” गाइडने पुन्हा छडी उचलली, “आता भाषणाची फिल्म. कुणी रांग सोडायची नाही.”

तेव्हा आजीला दिसलं. रांगेच्या शेवटी दोन वेण्यांची एक मुलगी करंगळी वर करून उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. हात दुखतो म्हणून तिने दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला होता. पायाला पाय घासत होती.

“फिल्म झाल्यावर जायचं,” वर्गाच्या बाई ओठांवर बोट ठेवून पुटपुटल्या.

मुलीचे डोळे भरून आले.

आजीने तिचा हात धरला, दुसऱ्या हाताने दोरी उचलली, आणि दोघी दोरीखालून वाकून फोटोसमोरून सरळ चालू लागल्या.

“आजी, तिकडून नाही. अहो, काय झालं तिला?” गाइड मागून म्हणाली.

“फार आनंद झालाय हिला,” आजी मागे न वळता म्हणाली. “बाथरूम कुठे आहे?”