ब्रेक की सायलेन्सर

"आखूड नळीच्या रायफलीला सायलेन्सरच लाव, ऑर्विल," दुकानदार मार्लिस म्हणाली. "नळीच्या तोंडाला ब्रेक लावला तर खांद्याला धक्का कमी बसतो, पण आवाज असा फुटतो की आसपासचे वैतागतात."

"ब्रेकच दे," ऑर्विल म्हणाला.

रविवारी दुपारी मोंटानातल्या आपल्या रँचवर त्याने टेकाडापुढे मांडलेल्या रिकाम्या डब्यांवर वीस गोळ्या झाडल्या. अर्ध्या तासात पलीकडच्या रँचवरची रूथ पिकअप घेऊन तणतणत आली.

"अरे म्हाताऱ्या, माझे घोडे बिथरले! वेड लागलंय का तुला?"

"चुकलं माझं." तो दारातून बाजूला झाला. "बायको गेल्यापासून या घरात कुणी आलंच नव्हतं गं. ये ना आत. कॉफी केलीय, दोघांपुरती."