पाय धुण्याचं पाणी

इंग्लंडच्या गादीसाठी इंग्रज आपसांत लढत होते. माझा नवरा, सरहद्दीवरचा सरदार, एका बाजूला आणि माझा धाकटा भाऊ, वेल्श राजा इदवल, दुसऱ्या बाजूला. तरी नवऱ्यानं त्याला तहाच्या निमित्तानं गढीत बोलावलं. "त्याला पाय धुवायला पाणी दे," मला म्हणाला. "पाय धुतले की तुमची माणसं शस्त्रं उतरवून मुक्कामाला राहतात. तूच सांगितलं होतंस." त्यानं नि त्याच्या स्वारांनी शस्त्रं उतरवली की बाण सोडायला तिरंदाज जिन्यात दडले होते. मी तोंड उघडलं असतं, तर नवऱ्यानं नेऊन ठेवलेलं माझं पोर पुन्हा दिसलं नसतं. इदवलनं हसत जोडे काढले. "ताई, माहेरची रीत विसरली नाहीस." मी त्याच्या पायांवर उकळतं पाणी ओतलं. तो ओरडत उठला. "आम्हाला तू मेलीस," म्हणाला, आणि तलवारीसकट घोड्यावर बसून निघून गेला. "आता कुठं जाशील?" नवऱ्यानं विचारलं. उरलेलं पाणी निवल्यावर मी त्यात माझे पाय धुतले.