खजुराचा डबा

"घे रे बाबा, बहिणीला दे," असं म्हणत बदरुद्दीनने खजुराचा डबा री नावाच्या कोरियन कामगाराच्या हातात कोंबला.

आखातातल्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीत, वेल्डिंगच्या शेडबाहेर बस उभी होती. उत्तर कोरियाच्या सगळ्या कामगारांना ती विमानतळावर नेणार होती. त्यांच्या सरकारने अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या, क्षेपणास्त्रं उडवली, म्हणून जगाने मिळून ठरवलं, यांची माणसं कामावर ठेवायची नाहीत. बॉम्ब फोडले कुणी आणि गाशा गुंडाळायचा कुणी!

खरं सांगायचं तर बदरुद्दीनला रीचा हेवाच वाटत होता. त्याने स्वतः तीन वर्षं दापोलीचं तोंड पाहिलं नव्हतं. बहीण मरियमबी फोनवर विचारायची, "भाई, कधी येतोस?" आणि हा आपला इन्शाल्ला म्हणून वेळ मारून न्यायचा. फोन ठेवला की जीव नुसता तुटायचा.

रीशी त्याची गाठ पडली तीही फोनमुळेच. कोरियन कामगारांना मोबाईल ठेवायची बंदी होती. त्यांचा मुकादम डोळ्यांत तेल घालून पहारा करायचा. शुक्रवारी तो जेवायला बसला की री गुपचूप बदरुद्दीनकडे यायचा आणि पाठ असलेला नंबर लावायचा. मग कॉम्प्रेसरच्या आडोशाला कुजबुज चालायची. कधी हसू, कधी डोळे पुसणं. "कोण रे?" असं एकदा विचारलं तर म्हणाला, "बहीण." बदरुद्दीनने पुढे काही विचारलं नाही. कोरिया म्हणजे कोरिया, त्यात काय विचारायचं?

आणि गावी निघालेल्याला कोकणातली माणसं कधी रिकाम्या हाताने जाऊ देतात का? जाणाऱ्याने सगळ्यांची पार्सलं न्यायची, घरोघर पोचवायची, इथली खुशाली सांगायची. रीला कुणी पार्सल दिलं नव्हतं, म्हणून बदरुद्दीनने स्वतःच आणलं.

रीने डबा परत केला. "मोबाईल," तो हळूच म्हणाला.

बदरुद्दीन खो खो हसला. "अरे येड्या, आता फोन कशाला? दोन दिवसांत तिच्या समोर बसून खजूर खाशील!"

बसचा हॉर्न वाजला. मुकादम पाठमोरा होऊन माणसं मोजत होता. रीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगून टाकलं. बहीण केव्हाच देश सोडून पळाली होती. ती सीमेपलीकडे, दक्षिण कोरियात राहत होती.

बदरुद्दीनचं हसू मावळलं. त्याने घाईघाईने खिशातून मोबाईल काढला. "तुझ्या घरापासून फार लांब आहे का रे ती?"

"नाही. माझ्या गावातून रात्री तिच्या गावचे दिवे दिसतात," नंबर लावता लावता री म्हणाला. "फोन मात्र इथूनच लागतो."