करवलीचा चेहरा

“साहेब, तुमी पोरगी शोधलीच न्हाय! दीड वरीस नुसती खुर्ची उबवायलाव तुमी!”

ठाण्याच्या दारात श्रीशैल ओरडत होता. श्रीशैल कळंबचा, लग्नाचं शूटिंग करणारा. शेजारी बब्रुवाननाना मान खाली घालून उभे होते. पोरगी त्यांची. अर्पिता. एकवीस वर्षांची, कॉम्प्युटरच्या क्लासला म्हणून घरातून निघाली ती परतलीच नाही.

साहेबांनी फायलीतून डोकं वर काढलं, ते नानांकडं बघायला.

“जे सांगायचं ते तुम्हाला मागंच सांगितलंय. घरी जा.”

नाना वळून चालू लागले. श्रीशैलचं मात्र टाळकं सरकलं. बिनहेल्मेटचा गाडीवाला ह्यांना झाडामागून बरोबर दिसतो. हीच पोरगी एखाद्या पुढाऱ्याची असती तर दोन दिवसांत घरी आणून सोडली असती.

“ह्यांच्या नादी लागू नका नाना,” बाहेर येऊन तो म्हणाला. “म्या शोधतो. माझ्या कॅमेऱ्यात हाय ती.”

“म्हंजी फोटू?” बाहेर थांबलेल्या रणधीरनं, अर्पिताच्या थोरल्या भावानं, विचारलं.

“फोटू न्हाय. चेहरा.”

कॅमेरा फुल फ्रेम मिररलेस, महागड्या जातीचा होता. अंधाऱ्या माजघरातसुद्धा हळद पिवळीच दाखवायचा. हातात धरून पळालं तरी चित्र हलायचं नाही. आणि त्याला चेहरे लक्षात राहायचे. लग्नाआधी नवरानवरीचे, जवळच्या माणसांचे चेहरे त्यात नोंदवायचे. मग मांडवात हजार डोकी असली तरी फोकसची चौकट आपसूक त्याच चेहऱ्यांवर जाऊन बसायची. आठ चेहरे मावायचे. नवीन लग्न आलं की जुने पुसायचे. रणधीरच्या लग्नानंतर करवलीचा, म्हणजे अर्पिताचा, पुसायचा राहून गेला होता.

शूटिंगवाल्याला लग्नात कुणी जेवायला विचारत नाही. त्या पोरीनं विचारलं होतं. स्वतः ताट वाढून आणलं, वर दम दिला, “दादा, मला जाड दाखवलं तर ताट माघारी घेईन.” ते ताट श्रीशैलच्या डोक्यातून जात नव्हतं.

नानांच्या घरी तुळजाबाईंनी, अर्पिताच्या आईनं, चहा दिला.

“तुजा कॅमेरा चुकत बी आसंल की रं कवातरी?”

“न्हाय मावशी. एकदा डोळ्यावर बसला की बसला.”

तुळजाबाईंच्या हातातली बशी कलंडली. “ऱ्हाऊ दे बाबा. कशाला जिवाला तरास करून घेतूस.”

आईनंच आशा सोडली, असं श्रीशैलला वाटलं.

त्यानंतर तो दर आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर, उरुसात कॅमेरा घेऊन उभा राहू लागला. चहावाला बलभीम म्हणायचा, “काय शूटिंगवाले, आज परत कुत्रं हिंडवायला काढलं? लागला का काई वास?” आधी श्रीशैल हसायचा. मग हसणं बंद झालं. चौकट माणसामाणसांवर उड्या मारायची, कुठंतरी क्षणभर थबकायची, आणि तो चेहरा परका निघायचा. हातची लग्नं गेली. कुठं बेवारस प्रेत सापडल्याची बातमी आली की तो गाडी काढून बघून यायचा. सात महिने असे गेले. शोधण्यासारखं काही उरलं नसावं, असं आता त्यालाही वाटू लागलं होतं.

चैत्रात येरमाळ्याच्या देवीची यात्रा भरली. आमराईत माणसांचा दर्या उसळला होता, सगळे खाली वाकून देवीच्या देवळासाठी चुनखडीचे खडे वेचत होते. पडद्यावर नुसत्या पाठीच पाठी. उन्हानं कॅमेरा तापला, बंद पडण्याआधीची खूण लुकलुकू लागली. श्रीशैलनं त्याच्या पाठीला ओला रुमाल लावला आणि आणखी एकदा, शेवटचं, गर्दीवरून फिरवला.

एक बाई खडा उचलून सरळ झाली. चौकट तिच्या चेहऱ्यावर गेली, डोळ्यावर बसली, आणि हलेना. कडेवर लेकरू होतं.

श्रीशैलनं ती क्लिप मोबाईलवर घेतली, रणधीरला पाठवली. लगेच फोन आला.

“सोबत कोण हाय?”

“एकटीच हाय. पाण्याच्या टँकरपाशी.”

“कडंवर कुणाचं हाय?”

“तिचंच दिसतंय की! मामा झालाव राव तुमी! पेढे काढा!”

पलीकडून आता नानांचा आवाज आला. “तिला हलू दिऊ नकू. आमी यात्रंतच हाव.”

श्रीशैल गर्दीतून धक्के खात, डोळे पुसत धावला.

“अर्पिता! आगं पोरी, सापडलीस की!”

तिनं त्याला ओळखलं. हसलीसुद्धा. मग तिची नजर कॅमेऱ्यावर गेली, त्याच्या हातातल्या मोबाईलवर गेली, आणि तिनं लेकराचं डोकं पदराखाली ओढलं.

“घरी सांगितलं का दादा?”

“सांगितलं की! आत्ता पोचतेत नाना आन् रणधीर. ठाण्यातल्या मुर्दाडांना दोन वर्षांत जमलं न्हाय ते...”

“ठाण्यात मीच लिहून दिलं होतं दादा, माझा ठावठिकाणा घरी सांगू नका म्हणून. मर्जीनं लग्न केलं म्हणून ह्याच्या बापाला नानांनी आणि रणधीरनं ट्रॅक्टरखाली घातलंय. आता ह्याला घेऊन मी कुठं पळू? बोला की, कुठं?”