उभ्यानं

शिवप्रियाची ही दोन वर्षांतली चौथी नोकरी. उमरग्यातल्या साड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, असा नियम होता. सोबतच्या समृद्धीला सातवा महिना लागला. तिचे सुजलेले पाय बघवेनात, म्हणून शिवप्रियानं घरून स्टूल नेलं. मालकानं ते दुकानाबाहेर पायरीवर नेऊन ठेवलं. "बसायचं असंल तर घरी बसा," एवढंच म्हणाला. शिवप्रियानं गळ्यातलं ओळखपत्र काढून गल्ल्यावर ठेवलं, स्टूल उचललं आणि घरी जायला मुरुमची एसटी धरली. दारात स्टूल बघूनच आईनं ओळखलं. "हीबी सोडली? लोक इचारत्यात, तुमची पोरगी कुठंच कशी टिकत न्हाय?" शिवप्रिया भिंतीला टेकून बसली. रोज उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "अन् ती समृद्धी?" "उभीच हाय. तिच्या घरात दुसरं कमावणारं कुणी न्हाय."